सोलापुरात यू (टॅक्सस) जगेल का? ठेंगणं, दाट, सदाहरित झुडूप हवंय

रेवती_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात मी एरवी नुसती वाचते, पण आज सल्ला हवाय.

आमचं घर जुळे सोलापुरात. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला, कंपाउंडच्या भिंतीलगत २२ फूट लांब आणि अडीच फूट रुंद मातीची पट्टी आहे. फाटकाकडच्या १४-१५ फुटांवर दुपारपर्यंत रणरणतं ऊन असतं. जिन्याकडच्या राहिलेल्या भागाला सकाळचं ऊन मिळतं, मग घराची सावली येते. तिथं कमरेएवढं, गच्च भरलेलं, गडद हिरवं कुंपण करायचं आहे. फुलं नसली तरी चालतील. पानगळ नको आणि दर महिन्याला कात्री घेऊन बसायला लागू नये.

बहीण अमेरिकेत बॉस्टनजवळ राहते. तिच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ‘यू’ नावाची झुडपं आहेत. बर्फातसुद्धा हिरवीगार आणि इतकी दाट की आतली फांदी दिसत नाही. तेव्हापासून तेच मनात बसलंय. ऑनलाइन एका ठिकाणी ‘यू प्लांट’ म्हणून रोपं विकायला आहेत. मागवू का? माती काळी. नळाला पाणी काही दिवसांआड, बाकी बोअरवर भागवतो. घरात कुत्रा आहे आणि भाच्याची लहान मुलगी सारखी येत असते, हेही सांगून ठेवते.

हुरडा

रेवतीताई, हे झाड आम्ही काय बघितलेलं नाही बगा. आमच्या दारात मोरपंखी हाय, तसलंच दिसतं का ओ? फोटो असला तर टाका की.

रेवती_जुळेसोलापूर

@हुरडा, फोटो बहिणीकडून मागवलाय. मोरपंखीसारखं चपटं पान नाही. सुईसारखी पण मऊ, इंचभर लांब पानं आणि फांदीच्या दोन्ही अंगाला ओळीनं लागलेली. वरून काळपट हिरवी, खालून फिकी.

काळीरान

रेवतीताई, मागवू नका. कारणं सांगतो, म्हणजे उगाच नाउमेद केल्यासारखं वाटणार नाही.

टॅक्सस ही थंड प्रदेशातली जात. तिला हिवाळ्यात खरी थंडी लागते, झाडानं काही महिने स्वस्थ पडून राहायचं असतं. आपल्याकडं जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला पहाटे १२-१५ अंशांपर्यंत पारा उतरतो आणि आपण शाल काढतो. त्या झाडाच्या लेखी ती थंडी नव्हेच.

त्याहून मोठी अडचण आपला एप्रिल-मे. दिवसाचे ४२-४३ अंश पुष्कळ झाडं पाणी आणि सावली दिली की कशीबशी काढतात. पण सोलापुरात त्या दिवसांत रात्रीही २५-२६ च्या खाली जात नाही. थंड हवेतली झाडं दिवसा जे अन्न तयार करतात ते गरम रात्री श्वसनातच खर्चून टाकतात. उरत काहीच नाही, मग वाढ थांबते, टोकं तपकिरी पडतात आणि झाड आतून खंगत जातं. वरून कितीही पाणी घाला, त्याचा उपयोग नाही. किंबहुना जास्त पाणी घालूनच लोक अशी झाडं लवकर मारतात.

तिसरी गोष्ट माती. चुनखडीमुळं अडेल असं कोणी सांगेल, पण तसं नाही. युरोपातला यू चुनखडकाच्या टेकड्यांवर उत्तम वाढतो, त्यामुळं आपल्या मातीचा सामू (पीएच) आठच्या पुढं असला तरी त्याची तक्रार नसते. त्याला सोसत नाही ते मुळाशी साठलेलं पाणी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हस्ताचा पाऊस लागला की फुगते आणि आठवडाभर पाणी सोडत नाही. यूची मुळं तेवढ्यात कुजतात. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात भर घालतात. चुना चालतो, मीठ चालत नाही, अशी त्याची प्रकृती.

तेव्हा झाडाचं नाव थोडं बाजूला ठेवू या. तुम्हाला यात नेमकं काय आवडलं? दाटपणा, गडद रंग, सावकाश वाढ, छाटणी सोसण्याची ताकद. हे सगळं देणारी आणि सोलापूरचं ऊन अंगावर घेणारी झाडं आहेत. सावकाश बोलू.

उत्तरवारा

मी इंग्लंडात राहते, उत्तर भागात. मागच्या अंगणात यूचं कुंपण आहे, म्हणून खऱ्या झाडाबद्दल थोडं लिहिते.

बॉस्टनजवळच्या घरांपुढं असतो तो बहुतेक टॅक्सस मीडिया. युरोपातला यू आणि जपानी यू यांचा हा संकर आणि गंमत म्हणजे तो तयार झाला बॉस्टनच्याच शेजारी वेलस्लीला, १९०० च्या सुमारास. जपानी यूनं कडाक्याच्या थंडीत टिकायची ताकद दिली, युरोपातल्यानं देखणेपण. ‘डेन्सिफॉर्मिस’ हा त्यातला बुटका, पसरट प्रकार. ‘हिक्साय’ उभा वाढतो. रेवतीताईंनी पायऱ्यांशी पाहिलेलं डेन्सिफॉर्मिससारखं काहीतरी असणार.

या झाडाचा खरा गुण छाटणीत दिसतो. सुरू, पाइन, मोरपंखी यांची जुनी, पानं नसलेली फांदी कापली की तिथं पुन्हा पालवी येत नाही, भोक पडतं ते पडतंच. यूचं तसं नाही. मनगटाएवढी जाड फांदी बुंध्याशी कापली तरी सालीतून हिरवे कोंब फुटतात. आमच्या शेजाऱ्यांनी हाताबाहेर गेलेलं जुनं कुंपण एका बाजूनं अगदी खोडापर्यंत खरडलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या उघड्या खोडांवर बोटाच्या पेराएवढे पोपटी तुरे दाटीनं फुटले होते. दुसरी बाजू त्यांनी नंतर छाटली, म्हणजे झाडाला एकदम धक्का बसला नाही. याच गुणामुळं इंग्लंडात लेव्हन्स हॉलच्या बागेत १६९० च्या दशकात लावलेली यूची झाडं आजही छत्र्या, मनोरे असे आकार धरून उभी आहेत. वर्षाला फूटभर, किंबहुना त्याहून कमीच वाढतो, म्हणून एकदा छाटला की वर्ष निघतं.

पण इथल्या ओल्या हवेतही तो मरतो, तो पाणी साठलेल्या जागी. आमच्या कुंपणाचं टोक गटाराकडं उतरतं, तिथली दोन झाडं आधी पिवळी, मग तांबूस झाली आणि गेली. इथं २५ अंश म्हणजे कडक उन्हाळा. सोलापूरचा मे मी लहानपणी पाहिलाय. काळीरान म्हणतात ते पटतं.

पहाडवाट

नोकरीनिमित्त हिमाचलात काही वर्षं काढली, तिथला यू पाहिलाय म्हणून लिहितो. परदेशातून झाड आणण्यापेक्षा आपल्याच देशातला आणावा असं कोणाच्याही मनात येईल. गढवालात त्याला थुनेर म्हणतात, हिमाचलात राखल. साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर देवदार आणि बांज (ओक) यांच्या सावलीत वाढतो. सोलापूर साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर. एवढ्या अंतरावरून आणलेलं रोप इथं जुळवून घेईल ही आशा धरू नये.

आणि तो जंगलातून उपटून आणणं हा तर गुन्हाच. थुनेर संकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. याला कारण कर्करोगावरचं औषध. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यूच्या सालीचे नमुने १९६२ मध्ये गोळा केले गेले. त्यातून टॅक्सॉल हे द्रव्य वेगळं काढून त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांच्या कामामुळं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत गेले. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी औषधाला तिथं मान्यता मिळाली आणि आज स्तनाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगातही ते देतात. शाळेच्या पुस्तकात या माणसावर धडा असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पण सालीत औषधाचं प्रमाण अगदी थोडं. साल काढली की झाड मरतं आणि हे झाड वाढतं फार हळू. हिमालयात त्यापायी डोंगरच्या डोंगर उघडे पडले. पुढं युरोपातल्या यूच्या पानांतल्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत औषध बनवायची पद्धत निघाली, तेव्हा जरा भार हलका झाला.

उत्तरवारा

@पहाडवाट, वाणींबद्दल माहीत नव्हतं, फार छान वाटलं वाचून. इंग्लंडात कुंपण छाटल्यावर निघालेला कोवळा पाला त्या औषधासाठी गोळा करून नेत असत, तो याच पद्धतीसाठी.

निर्गुडी

मी वैद्य आहे. धाग्यात कुत्रा आणि लहान मूल यांचा उल्लेख आला, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

यूचं लाल, मांसल फळ सोडलं तर पान, साल, बी, लाकूड सगळंच विषारी. त्यातलं टॅक्सिन थेट हृदयावर काम करतं, ठोके मंदावतात, बिघडतात. यावर नेमका उतारा नाही. सुकलेल्या पाल्यातही विष तसंच राहतं, त्यामुळं छाटलेला पाला उकिरड्यावर टाकला आणि गाय-शेळीनं खाल्ला तर जनावर दगावतं. परदेशात घोडे आणि गुरं अशीच मेल्याची उदाहरणं आहेत. लाल फळ मुलांना भुलवतं, आतलं बी चावलं की धोका. पक्षी बी न फोडता गिळतात म्हणून त्यांना बाधत नाही.

आणखी एक. ‘तालीसपत्र’ म्हणून बाजारात येणाऱ्या पानांत कधी कधी यूची पानं मिसळलेली सापडतात. शास्त्रोक्त तालीसपत्र हिमालयातल्या फर झाडाचं, ते वेगळं. खोकल्यासाठी घरच्या घरी सुटी पानं आणून काढा करायची सवय असेल त्यांनी विश्वासाच्या ठिकाणाहूनच घ्यावीत.

हुरडा

बापरे. पण वैद्यबुवा, कण्हेर बी विषारीच की ओ. आमच्या शेळगीत दर दोन घराआड कण्हेर हाय आन् बिट्टी हाय. कोन काय खात नाही.

निर्गुडी

अगदी बरोबर. कण्हेर आणि बिट्टी दोन्हींचं विष हृदयावरच जातं. पण कण्हेर कडू असते हे घरातल्या प्रत्येकाला लहानपणापासून सांगितलेलं असतं, शेळीही तोंड लावत नाही. अनोळखी झाडाबद्दल ही सावधगिरी घरात नसते. म्हणून मुद्दाम लिहिलं.

सदाफुली_पुणे

रेवतीताई, तुम्ही ज्या ऑनलाइन रोपांबद्दल लिहिलंय त्यांचे फोटो मी शोधून पाहिले. ती यू नाहीत, पोडोकार्पस आहेत. पुण्यात-बेंगळुरात सोसायट्यांच्या बागांत भरपूर दिसतात. माझ्याकडं गच्चीत मोठ्या कुंडीत एक आहे, त्याच्यावरून ओळख सांगते.

पोडोकार्पसचं पान लांब, बोटाएवढं तरी असतं आणि मधली शीर उठून दिसते, नखानं लागते. ती पानं फांदीभोवती फिरत लागतात. यूचं पान जेमतेम इंचभर, चपटं, आडव्या फांदीवर कंगव्याच्या दातांसारखं दोन बाजूंना. पान उलटलं की यूला खालून दोन फिके पिवळट पट्टे दिसतात. फळ धरलं असेल तर प्रश्नच मिटतो. यूचं बी लाल वाटीत आत बसलेलं, पोडोकार्पसचं हिरवं बी जांभळट फुगीर देठावर बाहेर बसलेलं.

पण वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या कामाला हे झाड यूपेक्षा बरं. उष्ण दमट हवेतलं आहे, सदाहरित, गडद, सावकाश वाढणारं, कात्रीला राजी. त्यातल्या बुटक्या प्रकाराला ‘माकी’ म्हणतात, तो मागा. बी आणि फळ कुत्र्याच्या पोटात जाऊ देऊ नये एवढं मात्र पाळा. नियमित छाटलेल्या कुंपणाला फळ क्वचितच धरतं.

कुंडीतला_माळी

सगळे एका सुरात नाही म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. एक रोप कुंडीत लावून बघायला काय हरकत आहे? ५० टक्क्यांचं शेडनेट, उत्तरेकडची जागा, मातीच्या दुहेरी कुंड्या, मध्ये ओली वाळू. सफरचंदही कोणे काळी महाराष्ट्रात होत नाही म्हणायचे, आता कमी थंडीवरच्या जाती लोक लावताहेत. प्रयत्न न करताच झाड बाद करणं मला पटत नाही.

काळीरान

मुद्दा चांगला काढलात, पण सफरचंदाचं उदाहरण इथं बसत नाही. तिथं कमी थंडीवर फळणाऱ्या जाती निवडून काढल्या गेल्या. टॅक्ससमध्ये उलट झालंय, संकर केले ते आणखी थंडी सोसावी म्हणून. मैदानी उष्ण हवेसाठीची जात उपलब्धच नाही.

कुंडीत तर मुळांना अधिक ताप. जमिनीत फूटभर खाली मे महिन्यातही बऱ्यापैकी गारवा असतो. कुंडीची पश्चिमेची बाजू संध्याकाळी हात लावून पाहा, चटका बसतो, आणि मुळं नेमकी त्याच कडेला गोळा झालेली असतात. दुहेरी कुंडीनं थोडा फरक पडेल, पण गरम रात्रीला उपाय नाही.

आणि रोप आणणार कुठून? परदेशातून जिवंत रोप आणायचं तर आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या आदेशानुसार सामानात लपवून आणणं बेकायदा आहे, आणि त्यामागं कारण आहे. मातीबरोबर येणारी एखादी कीड इथल्या डाळिंबाला किंवा द्राक्षाला लागली तर नुकसान कोणाचं होईल? आपला जिल्हा त्या दोन पिकांवर उभा आहे. तुमच्या हौसेला माझा विरोध नाही. महाबळेश्वरला घर असतं तर मीही म्हणालो असतो, परवाना काढून करून बघा.

कुंडीतला_माळी

किडीचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोळ्यासमोर नव्हता. गरम रात्रीबद्दल मात्र माझं मत राखून ठेवतो. आमच्या गच्चीवर कूलरच्या तोंडाशी एका थंड हवेतल्या झाडानं उन्हाळा काढलाय.

रेवती_जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. निर्गुडींचा प्रतिसाद वाचल्यावर यूचा विचार सोडला. बहिणीलाही पाठवला, तिच्याकडं दोन लहान मुलं आहेत.

आता पुढं. काळीरान, तुम्ही पर्याय सांगतो म्हणालात. मला एका रोपवाटिकेत कामिनी सुचवली होती. पट्टीपासून पाच-सहा फुटांवर कागदी लिंबाचं जुनं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं, वर्षभर लिंबं देतं. चालेल का?

काळीरान

लिंबू आहे हे बरं सांगितलंत. मग कामिनी नको.

कामिनी म्हणजे मुरया, ती लिंबाच्याच कुळातली. दिसायला सुरेख, दाट, चकचकीत पान, पावसाळ्यात सुगंध. लिंबू नसतं तर मी पहिली तीच सांगितली असती. पण लिंबावरचा सायला हा बारीक उडता किडा कामिनीच्या कोवळ्या फुटीवर अतिशय आवडीनं राहतो. छाटलेल्या कुंपणाला सतत कोवळी फूट येते, म्हणजे त्याला बारमाही घर मिळालं. तोच किडा लिंबाचा ग्रीनिंग रोग पसरवतो. पानं ठिपकेदार पिवळी, फळ वेडंवाकडं, आणि एकदा लागला की त्यावर इलाज नाही. सासूबाईंचं झाड जपा.

इक्झोराही टाळा. आपल्या चुनखडीच्या मातीत दोन वर्षांत पानं पिवळी पडतात. फायकस झटपट होईल, पण मुळं कंपाउंडच्या पायात शिरतात. गोल्डन दुरांटा स्वस्त आहे, तुमच्या म्हणण्यातला गडद रंग त्यात नाही आणि दर तीन आठवड्यांनी कात्री मागतो.

उन्हाच्या १४-१५ फुटांसाठी माझं मत करवंदाला. ठेंगणं, झुडपी, दाट, कातडीसारखं जाड गडद पान, चुनखडीला न घाबरणारं, एकदा रुजलं की उन्हाळ्यात आठवड्याला पाणी पुरे. बोअरचं पाणीही चालून जातं. नर्सरीत एक परदेशी ठेंगणं करवंद मिळतं, पान गोलसर, पांढरं चांदणीसारखं फूल, जमिनीलगत पसरतं. ते अडीच फुटांवर सहज राखता येतं. काटे आहेत, हे स्पष्ट सांगतो. भाच्याची मुलगी जिथं खेळते त्या पायवाटेच्या कडेनं दर महिन्याला बाहेर आलेली टोकं खुडायची.

जिन्याकडच्या सावलीच्या भागात सदाफुलींनी सांगितलेला पोडोकार्पस माकी लावा. सकाळचं ऊन, दुपारी सावली, हीच जागा त्याला हवी. फाटकापाशी मात्र तो होरपळेल, तिथं नको.

हुरडा

आन् कोयनेल का नाही सांगितलं? आमच्या शाळेला कोयनेलचंच कुंपण हाय, कधी कोन पाणी घालत नाही तरी हिरवंगार. शेळ्या खात नाहीत. फुकटात फांद्या मिळतील, पावसाळ्यात रोवायच्या की झालं.

काळीरान

हुरडाभाऊ, कोयनेल शंभर टक्के टिकाऊ. मोकळ्या जागेला, शेताच्या बांधाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ताईंना कात्री कमी हवीय. कोयनेल पावसाळ्यात महिन्याला दीड-दोन फूट झेपावतं, अडीच फुटांच्या पट्टीत आवरत नाही. खर्च वाचवायचा असेल तर मात्र तुमचाच सल्ला बरोबर.

रेवती_जुळेसोलापूर

करवंद आणि पोडोकार्पस ठरलं. खड्डे कसे घ्यायचे, माती काय भरायची? घर बांधताना तिथं विटांचे तुकडे, सिमेंट बरंच पडलेलं आहे.

काळीरान

आधी ते सगळं उपसा. सिमेंट-चुन्याचा राडारोडा मातीचा सामू आणखी वाढवतो, पोडोकार्पस त्यात पिवळाच राहील.

वेगवेगळे खड्डे न घेता पट्टीभर सलग चर घ्या, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. भिंतीपासून फूटभर तरी सोडा. इथं एक गोष्ट लोक विसरतात. काळ्या मातीत चर खणून त्यात भुसभुशीत माती भरली की तो चर म्हणजे पाण्याचा हौद होतो, आजूबाजूची चिकण माती पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तळाला उतार द्या, फाटकाच्या बाजूला दीड-दोन इंची पाईप टाकून पाण्याला वाट काढा आणि भरलेली माती जमिनीपेक्षा सहा ते नऊ इंच वर येईल असा गादीवाफा करा. एका ओळीत विटा रचल्या की झालं.

भरायला नदीकाठचा पोयटा, मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत समसमान. निंबोळी पेंड रोपामागं मूठभर. करवंदाच्या भागात मुरूम थोडा जास्त चालेल. करवंद दीड फुटावर, पोडोकार्पस सव्वा फुटावर, एकेरी ओळ. अडीच फुटांत दुहेरी ओळीला जागा नाही.

वर आच्छादन हवंच. आपल्याकडं शेंगांची टरफलं पोत्यानं मिळतात, दोन-तीन इंचांचा थर द्या, खोडाला चिकटवू नका. ठिबकची नळी त्याच्या खालून.

पहिली दोन वर्षं उंचीची घाई करू नका. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतील, पुन्हा त्यांचे शेंडे खुडा. दाटपणा असा खालून बांधत न्यावा लागतो. छाटताना कुंपण खाली रुंद आणि वर किंचित अरुंद ठेवा, म्हणजे बुडाशी ऊन पोचतं आणि खालचा भाग उघडा पडत नाही. मार्च ते मे कात्री अजिबात लावायची नाही. आतली कोवळी पानं उघड्यावर आली की करपतात.

सदाफुली_पुणे

+१. माझ्या पोडोकार्पसची नवी पानं मध्येच पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. इथं बोअरचं पाणी आहे. काय द्यावं?

काळीरान

ते लोह कमी पडल्याचं लक्षण. मातीत लोह असतं, चुन्यामुळं मुळांना घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही, तेही अडकतं. फवारणीतून द्या, लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी. मातीतूनच द्यायचं तर ई.डी.डी.एच.ए. चिलेटचं लोह घ्या, तांबूस भुकटी असते, सामू जास्त असला तरी टिकतं. महाग आहे, पण थोडं लागतं. आमच्याकडं डाळिंब-द्राक्षवाले नेहमी वापरतात, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल. शक्य असेल तर पोडोकार्पसला बोअरऐवजी नळाचं किंवा पागोळ्यांचं साठवलेलं पाणी द्यावं. रेवतीताई, तुम्हीही. नळाला येणारं उजनीचं पाणी त्या सात फुटांपुरतं सहज पुरेल.

रेवती_जुळेसोलापूर

नक्की. लावायचं कधी? मृग निघाला की लगेच?

काळीरान

चर आत्ताच घ्या आणि उघडा तापू द्या. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका, आपल्याकडं त्यानंतर बरेचदा मोठी उघडीप पडते. आर्द्रा लागून दोन चांगले पाऊस झाले की करवंद लावा. पोडोकार्पसला जुलैअखेर. रोप घेताना पिशवीच्या तळाशी बघा, मुळं गोल फिरून वेटोळं झालेलं असेल तर घेऊ नका, ते जमिनीतही तसंच फिरत राहतं. हातभर उंच रोपापेक्षा वीतभर, पण बुडापासून फुटलेलं घ्या.

हुरडा

ताई, पोयटा पायजे असला तर सांगा. आमच्या भावाचा ट्रॅक्टर हाय, सीना काठनं आणून टाकू. टरफलं बी बघतो मार्केट यार्डात.

रेवती_जुळेसोलापूर

हुरडाभाऊ, निरोप पाठवते तुम्हाला. एक खेप पुरेल ना? २२ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, शिवाय वरचा गादीवाफा.

हुरडा

हिशेब केला तर ७० घनफुटाच्या आत-बाहेर. त्यातला तिसरा हिस्सा पोयटा. एक खेप म्हणजे लई झाली, निम्म्यात भागतंय. उरलेला लिंबाच्या आळ्यात घाला.